पाहुण्या गाठी

आमचे सर मायक्रोस्कोपसमोर बसताना चपला काढायचे. लॅबच्या दारात नव्हे हां. लॅबमध्ये चपला घालूनच यायचे, कारण फरशीवर काय काय सांडलेलं असायचं. पण खिडकीजवळच्या त्या एका टेबलापाशी आले की चपला काढायच्या, पायानेच टेबलाखाली सारायच्या आणि मग स्टुलावर बसायचं. मी नवी होते. मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. एकदा धीर करून विचारलंच. तर म्हणाले, "देवाचं काही नाही बाई. चपला पायात असल्या की माणसाला उठून जावंसं वाटतं."

सर पॅथॉलॉजिस्ट होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. मी तो मेणात बसवायची, त्याचे पातळ पातळ काप करायची, काचेवर घेऊन रंगवायची आणि सर ती काच बघून सांगायचे की गाठ कसली आहे. साधी की कॅन्सरची, आणि कॅन्सरची तर कुठल्या जातीची. दवाखाना लातुरातल्या एका ट्रस्टचा होता. नाव सांगत नाही. आता तिथे मंगल कार्यालय आहे, आणि ज्या खोलीत आम्ही गाठी कापल्या तिथे म्हणे नवरीला सजवतात. चांगलंच झालं.

लातूर जिल्हा तेव्हा कोरा करकरीत होता. आम्ही उदगीरची माणसं. घर न हलवता उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलो. पेढे वाटले, मिरवणुका निघाल्या, कलेक्टर आले, आणि पाऊस जो गेला तो गेलाच. आमच्या रिपोर्टच्या छापील कागदांवर मात्र जुनाच जिल्हा होता, आणि ते कागद ढिगाने उरले होते. सर प्रत्येक कागदावर 'उस्मानाबाद' ही अक्षरं एका रेघेने खोडायचे आणि वर वळणदार हाताने 'लातूर' लिहायचे. मी म्हणाले, रबरी शिक्का करून घेऊ. तर म्हणे, "नको. तेवढ्यात मला परत एकदा विचार करायला मिळतो."

असा माणूस. चिडायचं तरी कसं?

पण मी चिडायची. माझा स्वभावच तसा आहे, लपवून काय उपयोग. आमच्या सरांना घाई म्हणून माहीत नव्हती. नांदेडचे, शिकायला हैदराबादेत, त्यामुळे बोलणं निम्मं मराठी, निम्मं तिकडचं. "आहिस्ता बाई, आहिस्ता. गाठीला घाई नाही, खामखा आपणच परेशान." बाहेर नातेवाईक ताटकळलेले, सर्जनसाहेबांचा माणूस चौथ्यांदा येऊन गेलेला, आणि हे रंगीत पेन्सिलला टोक काढतायत!

हो, पेन्सिली. जी गाठ नेहमीची नसेल तिचं ते चित्र काढायचे. आमच्या रंगात पेशीचं केंद्र जांभळं येतं आणि बाकीचं गुलाबी, म्हणून सरांच्या पेटीतल्या गुलाबी आणि जांभळी या दोनच पेन्सिली संपायच्या. नवी पेटी आली की उरलेल्या दहा आमच्या शिपाईमामांच्या पोरांना. गंजगोलाईच्या बाजारातला वह्या-पुस्तकांचा दुकानदार मला एकदा विचारत होता, तुमच्या डॉक्टरांना लेकरं किती हो? एकही नव्हतं.

सरांच्या कपाटात दोन मोठे खण होते. एकावर चिठ्ठी 'रोजच्या' आणि दुसऱ्यावर 'पाहुण्या'. स्तनाच्या गाठी हा त्यांचा खास विषय. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाठी पहिल्या खणात जायच्या, मग त्या साध्या असोत की वाईट. क्वचित एखादी अशी यायची की ती ओळखीच्या कुठल्याच नमुन्यात बसायची नाही. मग सर मान वर न करता म्हणायचे, "बाई, पाहुणी आली." त्या दिवशी चहा नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही.

नंबराने ते काच कधी मागायचे नाहीत. गावाने मागायचे. "चाकूर द्या. निलंगा काढा." आणि पाहुण्यांना त्यांनी आपली घरगुती नावं ठेवली होती. चाकूरच्या बाईची होती ती 'चाळणी', कारण पेशींच्या पुंजक्यांत गोल गोल भोकं. निलंग्याचा 'साबुदाणा', कारण पेशी चिकट पाण्यात फुगून तरंगतात. इंग्रजी नावं रिपोर्टवर बिनचूक जायची, स्पेलिंगसकट. पण मला शिकवताना, आणि बाईला समजावून सांगतानाही, स्वयंपाकघरातलेच शब्द. "ही चाळणी दिसायला भयंकर आहे, पण स्वभावाने गरीब. हिला घाबरून अख्खा संसार मोडायचा नाही. आणि काही इतक्या साळसूद दिसतात बाई, की आपण त्यांना चहा पाजून वाटेला लावतो, आणि त्या वर्षाने घर पाडायला परत येतात." हे वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले होते. त्याचं कारण मला नंतर कळलं.

आणखी एक खोड. दिसेल त्याला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावायचे. शिपाईमामा, झाडूवाली बाई, वायरमन, कुणीही. "काय दिसतं, सांगा. मनाचं सांगा, माझं ऐकून नको." वायरमन बिचारा लाजून म्हणाला, "सायेब, मला तर कापलेला पानकोबी दिसून राहिला." सर उडालेच. "बिलकुल बरोबर! डॉक्टर लोकांना हे सुचत नाही, ते आधी पुस्तक बघतात." आणि तो शब्द वहीत लिहून घेतला.

थुंकण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण पुढे तिचं काम आहे. रंगाची एक खास तपासणी असते. पेशींत बारीक दाणे दिसले तर ते कसले, हे तिच्यावरून कळतं. दोन काचा घ्यायच्या. एकीवर आधी लाळ घालून ठेवायची; पेशीत साधी साखर साठलेली असेल तर लाळ ती पचवून टाकते. दुसरी तशीच. मग दोन्ही रंगवायच्या. लाळ लावलेल्या काचेवरही दाणे गडद गुलाबी राहिले, तर ती साखर नव्हे, वेगळंच काही. मोठ्या गावी याची बाटलीतली पावडर मिळते. आमच्याकडे सर. तोंड धुऊन, खिडकीशी उभे राहून, काचेवर शांतपणे थुंकायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडच फिरवलं. एकदा सरांनी चाचणीच घेतली, त्यांची स्वतःची, माझी आणि मामांची. मामांची लाळ सगळ्यांत जोरदार निघाली. मामा छाती काढून म्हणाले, "मंग सर्व्हिस बुकात लिवा की, सायेब!"

सोमवारी सकाळी सर नांदेडहून यायचे ते केळी घेऊन. अर्धापूरची मोठी, पिवळीजर्द फणी. सगळा स्टाफ खायचा. दोन वर्षं मीही खाल्ली. मग एकदा एस.टी.च्या नकाशासमोर उभी असताना माझ्या डोक्यात आलं, अगं, अर्धापूर लातूरच्या वाटेवर लागतच नाही. ते नांदेडच्या पलीकडे, उलट्या दिशेला आहे. म्हणजे हा माणूस सुटीच्या दिवशी मुद्दाम उलटा जाऊन केळी आणतो. मी आपलं सहज विचारलं. सर बराच वेळ केळ सोलत राहिले, आणि मग एकदाच, एकदमच सांगून टाकलं.

नांदेडला असताना अर्धापूरच्या एका बाईची गाठ त्यांच्याकडे आली होती. बाई तिशीची. गाठीत पानाच्या शिरांसारख्या लांब फटी, आणि ती तशी साधीच वाटली. त्या जातीत साध्याही असतात आणि वाईटही, पेशी मोजून बघाव्या लागतात. सरांनी मोजल्या नाहीत. दुपारची गाडी पकडायची होती. लिहिलं, साधी. वर्षाने ती गाठ दुप्पट होऊन परत आली आणि बाई गेली. तिच्या नवऱ्याची केळीची बाग आहे, रस्त्याकडेला खोपटं टाकून तो विकत बसतो. "त्याला मी कोण ते ठाऊक नाही," सर म्हणाले. "दर वेळी दोन केळी जास्तीची घालतो. म्हणतो, साहेब, तुम्ही कायमचं गिऱ्हाईक." मला ती केळी पुढे गळ्याखाली उतरेनात. सर मात्र आणतच राहिले.

आता तो सोमवार.

दुष्काळाचं दुसरं की तिसरं वर्ष. दवाखान्याचा बोअर कोरडा पडलेला. टँकर यायचा तो मंगळवारी, म्हणून ऑपरेशनं फक्त मंगळवारी. लॅबच्या वाट्याला दिवसाला दोन बादल्या, त्यातच रक्त-लघवीच्या नळ्या धुवायच्या, त्यातच आमचं रंगकाम. आवारातल्या कडुलिंबाखाली पेशंटची माणसं घागरी उशाशी घेऊन झोपायची.

रेणापूरकडची एक पोरगी आली होती. पोरगीच, बावीस-तेवीसची, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. उजव्या स्तनात दगडासारखी टणक गाठ, वरची कातडी आत ओढलेली. सर्जनसाहेबांनी हात लावला आणि त्यांचं तोंडच उतरलं. भला माणूस, हात सोन्याचा. हात लावून सांगितलेलं सहसा चुकायचं नाही. तुकडा काढून आमच्याकडे पाठवला आणि तिचं नाव पुढच्या मंगळवारच्या यादीत घातलंसुद्धा. सगळा स्तन काढायचा.

शनिवारी सरांनी पहिली काच बघितली. चपला काढल्या त्या दुपारपर्यंत घातल्याच नाहीत. शेवटी म्हणाले, "बाई, पाहुणी."

नेहमीप्रमाणे मग पेशंटला भेटायला गेले. सोबत मी. सासू खाटेशेजारी बसली होती. उंच, काटक, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आमच्यातलीच, लिंगायत. सरांचे प्रश्न ठरलेले असायचे. गाठ केव्हापासून? आधी कुणाच्या हाताला लागली? पाजतेस का? पोरगी मान खाली घालून बसलेली, उत्तरं सासूची. "पाजती की. म्हशीचं दूध आटलं, सायेब. वावरात कुसळ न्हाई. लेकरू हिच्याच दुधावर हाय. ते मोठं डॉक्टर म्हणले, उद्यापून पाजू नगा. मंग काय घालू त्याच्या तोंडात, सांगा."

बाहेर आल्यावर सरांनी मला सांगितलं. पेशी मोठ्या, दाणेदार, पण केंद्र लहान आणि शांत. वाढायची घाई दिसत नाही. एक जात असते, नसेच्या आवरणातून उगवणारी. स्तनात फार क्वचित. हाताला कॅन्सर वाटते, डोळ्यांना कॅन्सर दिसते, आणि असते साधी. गाठ तेवढी काढली की संपलं. पण हे नुसत्या पहिल्या काचेवर लिहिता येणार नाही. दाण्यांची तपासणी हवी, लाळेनंतरही दाणे गडद राहिले पाहिजेत. तिच्या एकटीवर निकाल लागतो असं नाही, पण बाकी जुळलेलं असताना तेवढाच दाखला कमी होता. "सोमवारी करा," म्हणाले. सर्जनसाहेबांना सांगितलं, सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबा. साहेब म्हणाले, "थांबतो. पण कॅन्सर असेल तर मंगळवार चुकवणार नाही मी. अजून आठ दिवस द्यायचे म्हणजे पाप आहे." तेही खोटं नव्हतं.

त्या तपासणीत शेवटी काच वाहत्या पाण्यात दहा मिनिटं धरावी लागते. नुसतं बुडवून चालत नाही, धारच पाहिजे. त्या धारेतच रंग चढतो. धार नसेल तर काच फिकी राहते. आणि शेजारी दर वेळी एक दुसरी काच रंगवायची, जिच्यात रंग येणार हे आधीच ठाऊक आहे. सर तिला 'साक्षीदार' म्हणायचे. साक्षीदार गडद आला म्हणजे रंगकाम नीट झालं, मग पेशंटची काच फिकी असली तर ती खरोखरच फिकी.

सोमवारी दुपारी माझ्याजवळ अर्धी बादली होती. खिडकीतून बाहेर बघितलं तर घागरींची रांग. एक म्हातारी झाकणाने तळातलं पाणी उपसून पोराला पाजत होती. दहा मिनिटांची धार म्हणजे एक घागर. काचेच्या बोटभर तुकड्यावर घागर ओतायची? सर्जनसाहेबांनी हात लावून सांगितलंय, सगळा दवाखाना सांगतोय, आणि या एका माणसाच्या शंकेपायी? मला इतका राग आला सरांचा. मी काच वाटीतल्या पाण्यात चार वेळा बुडवली आणि काढली. साक्षीदार रंगवलाच नाही. कपाटात गेल्या पावसाळ्यातला एक जुना साक्षीदार होता, मस्त गडद, नळाला पाणी असतानाचा. तो पुसला आणि शेजारी ठेवला.

मला वाटलं होतं, मी शहाणपणा केला. खरंच सांगते, त्या क्षणी मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

सरांनी साक्षीदार बघितला. गडद. पोरीची काच बघितली. फिकी. परत साक्षीदार, परत पोरीची. अर्धा तास तरी बघत होते. मग चष्मा काढून डोळे चोळले. "नाही बाई. माझं चुकलं. पाहुणी नाही ही." कागद पुढे ओढला. उस्मानाबाद खोडलं. लातूर लिहिलं. पेन थांबलं, परत टेकलं, आणि पोरीचं नाव लिहायला लागले.

मी बघत उभी होते. ज्या अर्धापूरच्या बाईपायी हा माणूस उलट्या दिशेची एस.टी. पकडतो, तिच्या वेळची चूक मी त्याच्या हातून परत करवून घेत होते. आणि त्याला कळणारही नव्हतं.

"सर, लिहू नका," मी म्हणाले. "साक्षीदार खोटा आहे."

सगळं सांगितलं. वाटलं, आता काच फेकून मारतील. मारली असती तरी चाललं असतं. सरांनी पेनाला टोपण लावलं. "बरं झालं, बोललात," एवढंच म्हणाले. मग, "पाणी किती आहे?" मी म्हणाले, नळ्या धुण्यात संपलं. तर उठले आणि तसेच अनवाणी बाहेर पडले. एप्रिलचं ऊन, आवारातली फरशी तापलेली. मी चपला घेऊन मागे पळाले, तर त्यांचं लक्षच नाही.

लिंबाखाली ती सासू नुकतीच येऊन टेकली होती. पहाटेपासून गावातल्या आडावर नंबर लावून एक घागर मिळवली होती तिने. सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आई, पाणी पाहिजे. तुमच्या सुनेची गाठ कॅन्सरची आहे की नाही, ते बघायचंय. अख्खी घागर लागेल. आणि बघूनही कदाचित वाईटच निघेल. वाया गेली असंही होईल."

तिने सरांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग घ्या की. इचारता कामून?"

नवीन काचा केल्या. पोरीच्या दोन, साक्षीदाराची एक. लाळेसाठी मामांना हाक मारली. चूळ भरायला पाणी नव्हतं. मामा म्हणाले, "सकाळपून काय खाल्लंच न्हाई, सायेब, तोंड साफच हाय," आणि काम करून दिलं. कुणी हसलं नाही.

धार मी धरायला गेले. पाणी भसकन पडलं. सासूने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. "सरका बाजूला." आणि तिने जी धार धरली! सुतासारखी, ना तुटणारी ना फुटणारी, काचेच्या कडेवरून खाली. म्हणाली, "रोज लिंगाला घालते ना अशी. औंदा दोन थेंबांवर आलंय." तांब्या रिकामा झाला की दुसरा, मध्ये खंड नाही. मी घड्याळाकडे बघत होते आणि सर काचेकडे. पलीकडच्या वॉर्डात लेकरू रडत होतं, ते तिलाही ऐकू येत होतं, पण तिचा हात हलला नाही. आठव्या मिनिटाला घागर आडवी करावी लागली. दहाव्याला तळ.

सरांनी काचा लावल्या. साक्षीदार गडद. पोरीची पहिली गडद. मग मामांची लाळ लावलेली उचलली. सर बघत राहिले, बघतच राहिले, आणि मग उठून स्टूल सासूकडे सरकवला. "आई, तुम्ही बघा. मनाचं सांगा."

तिने एक डोळा मिटला, डोकं हलवलं, थोडा वेळ काहीच दिसेना तिला. मग म्हणाली, "कुकू सांडल्यावानी हाय. समदीकडं."

"हाच रंग बघायचा होता," सर म्हणाले. "तुमच्या सुनेला कॅन्सर नाही."

तिने रिकामी घागर उचलली, काखेला लावली आणि गेली. दाराबाहेर गेल्यावर मात्र भिंतीला हात टेकून उभी राहिलेली मी बघितली.

सर्जनसाहेबांशी सरांची खडाजंगी झाली. "तुम्ही जबाबदारी घेता?" "लिहून दिलीय." मंगळवारी टँकर आला, आणि गाठ तेवढीच काढली. सरांनी तिचा मेणातला तुकडा आणखी एका मोठ्या तज्ज्ञाकडे टपालाने पाठवला. त्यांचं उत्तर महिन्याने आलं, सरांसारखंच. माझी गोष्ट सरांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्याच दिवशी तसलीच तपासणी परत माझ्या हाती दिली, आणि काच हातात घेताना साक्षीदार खरा आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. मी पुढे सव्वीस वर्षं ते काम केलं. एकदाही जुनी काच ठेवली नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही.

पोरीला घरी सोडायच्या दिवशी सासू एकटीच लॅबमध्ये आली. मला वाटलं, निरोप घ्यायला. सरांनी बसायला सांगितलं, ती बसली नाही. म्हणाली, "सुनंचं न्हाई ना कापलं?"

"नाही आई. गाठ तेवढी काढली. लेकरू पाजू द्या."

"मंग दार लोटा, बाई," मला म्हणाली.

मी दार लोटलं. तिने पदर बाजूला केला. डाव्या स्तनावर लिंबाएवढी गाठ, कातडीवर जखम, वर हळद आणि जुन्या लुगड्याची घडी. दोन वर्षांची. सुनेला ठाऊक नाही, लेकाला नाही. सुनेच्या उशाशी बसून आठ दिवस हिने सगळी उत्तरं दिली होती, आणि आम्ही दोघं शहाणे तिच्यासमोर उभं राहून सुनेचीच चौकशी करत होतो. मला इतकी लाज वाटली.

"आई, दाखवलं का नाही?" सर म्हणाले.

"दावलं की कापत्यात म्हणून. आता बघितलं, तुमी बघून कापता. म्हणून आले."

तुकडा आला, मी रंगवला, सरांनी बघितला. मिनिटभर लागलं असेल. चित्र नाही, पेन्सिल नाही, पुस्तक नाही. अशा शेकडो आम्ही बघितल्या होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांना कुठली काच वेगळी निघावी असं वाटलं असेल तर ती हीच.

ऑपरेशन झालं. पुढे बाईला चार वर्षं मिळाली. पण मला डोळ्यांसमोर दिसतो तो रिपोर्टचा दिवस. सर तिला बाजूला घेऊन सांगायला लागले. दुसऱ्यांना किती सोपं करून सांगायचे, आणि तिच्यापुढे त्यांना शब्द मिळेना. ही त्या जातीची नाही आई, ही वेगळी, ही आपल्याला, म्हणजे, हिला आता... तिनेच हात वर करून त्यांना थांबवलं.

"कापा की मंग," ती म्हणाली. "मला आता कुठं लेकरू पाजायचंय."